आईच्या तोंडचे जंतू

मुलींचं वसतिगृह, बिदर
३० जून २०२४

ज्योते,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण काम पडलं. तेव्हा हे पत्र कामाचं आहे, उगाच लाडात यायचं नाही.

इथे आम्हाला मोबाइल ठेवू देत नाहीत हे तुला माहीतच आहे. रविवारी आमच्या रेक्टर बसम्मा अक्का त्यांचा फोन देतात, पाच मिनिटं, तेही फक्त आईवडिलांशी बोलायला. आज त्या पाच मिनिटांत माझ्या आईनं काय सांगावं? ज्योतीनं पहिला ब्लाउज शिवला. ज्योतीची बाही पहिल्याच खेपेला बरोबर बसली. ज्योती रोज चारला येते आणि सातला जाते, तिच्यामुळे मशीनपाशी कशी सोबत होते. माझी तीन मिनिटं तू खाल्लीस. चौथ्या मिनिटाला मी म्हटलं, आई, माझी दाढ दुखतेय. तर म्हणाली, "अगं, ज्योतीची बी दुखायली." मी फोन अक्कांच्या हातात देऊन टाकला.

आता काम. गेल्या आठवड्यात डेंटल कॉलेजच्या डॉक्टर आमच्याकडे आल्या होत्या. सगळ्या मुलींना रांगेत बसवून तोंडात आरसा घालून तपासलं. माझे सहा दात किडलेले निघाले. वर्गात किडीत माझा दुसरा नंबर आहे, अभ्यासात सातवा. इथे आम्ही वाचता वाचता गोळ्या चघळतो, दर दोन तासांनी चहा आणि गोड बिस्किटं. डॉक्टर म्हणाल्या, तू गोड किती खातेस यापेक्षा दिवसातून किती वेळा खातेस ते महत्त्वाचं. दर वेळी तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि दात विरघळत जातो.

त्या डॉक्टरांचं नाव शरणम्मा. त्या आमच्या वयाच्या मुलामुलींच्या तोंडातल्या जंतूंचा अभ्यास करताहेत. मी त्यांना बाटल्यांवर नंबर घालायला मदत करते, म्हणून माझ्याच घरापासून सुरुवात करू म्हणाल्या. माझी थुंकी घेतली. आता माझ्या आईची पाहिजे. आणि जोडीला तुलना करायला नात्यातलं नसलेलं, त्याच गावचं, माझ्याच वयाचं एक माणूस पाहिजे. तू सोडून मला औरादमध्ये कुणी आठवलं नाही, याचं मलाच वाईट वाटलं.

बाबांबरोबर डबा पाठवतेय. त्यात दोन बाटल्या आणि मेणाचे दोन तुकडे आहेत. सकाळी दात न घासता मेण चघळायचं आणि बाटलीत थुंकायचं. ४१-अ आईची, ४१-ब तुझी. दोन्ही बर्फात ठेवून बाबांनी लगेच सकाळच्या गाडीनं आणायच्या. एक नियम आहे, तंबाखू किंवा मिसरीवाल्यांची थुंकी चालत नाही. म्हणून बाबा बाद झाले.

नंबर उलटेपालटे करू नकोस. तुझं अर्धं लक्ष नेहमी दुसरीकडे असतं.

स्नेहल


औराद
८ जुलै

स्नेहल बाई,

तुझं कामाचं पत्र मिळालं, मी लाडानं उत्तर देते. रागाव पाहिजे तर.

डबा आज सकाळी काकांच्या हातून गेलाच आहे, म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत आमची थुंकी तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तपासायलाही घेतली असेल. विमलमावशींनी मेण तोंडात घातलं आणि इतकं हसू फुटलं त्यांना की अर्धी बाटली भरायला पाव तास गेला. म्हणल्या, "सगळ्या जन्मात माझ्या थुकीला पहिल्यांदाच कुणी डब्यात घालून न्यायलंय." मग काकांनी डबा असा छातीशी धरला की बघणाऱ्याला वाटावं, आत तूप आहे.

नंबर नीट घातलेत. दोन्ही बाटल्या भरल्यात. माझ्यावर एवढा अविश्वास कामून गं?

मी तुझ्या घरी रोज जाते म्हणून तू फुगलीस हे कळलं मला. पण तुझ्या कॉटवर मी बसत नाही. मावशींनी त्यावर नवी चादर घातलीय आणि कुणी टेकलं तरी ओरडतात. तुझी दहावीची मार्कशीट मशीनसमोर भिंतीला लावलीय, म्हणजे मी बाही लावत असते तेव्हा तुझे मार्क माझ्याकडे बघत असतात. गणितात अठ्ठ्याण्णव. माझे किती होते ते तू विसरली असशील तर बरंच.

आमच्या आईला अजून वाटतं की मी तुमच्याकडे फक्त शिवते. रोज विचारते, "तिथं काही खात न्हाईस ना?" मी म्हणते, न्हाई. चहा पिते हे सांगत नाही. गेल्या बुधवारी तुमच्यात तांदळाची भाकर आणि अंबाडी होती, तेही सांगितलं नाही.

आणखी एक. लातूरकडचे पाहुणे मला बघायला येणार आहेत म्हणे, दिवाळीनंतर. फोटो काढायचाय. फोटोवाला म्हणाला, हसा. मी तोंड मिटून हसले. पुढचे दोन दात कडेनं काळे पडलेत, तुला शेवटचं दाखवले होते त्याहून जास्त. तू पांढरा कोट घालून दुसऱ्यांचे दात मोजशील, आणि मी तोंड मिटून हसत राहीन. असो. लाडाचं पत्र म्हणून सुरू केलं होतं.

तुझी
ज्योती


बिदर
२५ ऑगस्ट

ज्योती,

रिपोर्ट आला. मी दोन दिवस थांबून लिहितेय, कारण शुक्रवारी लिहिलं असतं तर तुला पत्र फाडून टाकावं लागलं असतं.

आधी तुला समजेल असं सांगते. दात किडवणारे जंतू घेऊन कुणी जन्माला येत नाही. बाळाच्या तोंडात दात यायला लागले की ते बाहेरून येतात. कुठून? तर जो भरवतो त्याच्या तोंडातून. आई चमच्याला ओठ लावून बघते गरम आहे का, मग तोच चमचा बाळाच्या तोंडात घालते. घास चावून मऊ करून देते. एकदा तोंडात घर केलं की ते जंतू बहुतेक जन्मभर तिथेच. आणि प्रत्येक घराण्याच्या जंतूंचा छाप वेगळा असतो, अंगठ्यासारखा. बहुतेक मुलांच्या तोंडात त्यांच्या आईचाच छाप सापडतो. शरणम्मा मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला कीड आवडायला लागली होती. मला वाटलं, चला, सहा दात गेले तर गेले, निदान आईचे तरी आहेत.

तर ऐक. माझा छाप आईशी जुळत नाही. एकही जंतू नाही.

तुझा जुळतो.

नुसता जुळत नाही. ४१-अ आणि ४१-ब शेजारी ठेवले तर कोणता कुणाचा ते सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, इतकं सारखं सख्ख्या मायलेकींचंही सहसा नसतं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ही ४१-ब तुमच्या नात्यातली नाही ना नक्की? मी म्हटलं, नाही. आमच्या बाजूला राहते. अंकुशरावांची मुलगी. त्यांच्या घरी माझी आई अजून ओसरीच्या पुढे जात नाही.

आता तू मला सांग, हे कसं झालं? तुला माझ्या आईनं भरवलं? कधी? मला कुणी भरवलं मग? मला लहानपणचं काही आठवत नाही आणि आठवणारही नाही, पण मॅडमच्या वहीत लिहिलेलं आहे. मशीन तुला दिलं, संध्याकाळ तुला दिली, फोनवरची तीन मिनिटं तुला दिली. ते मी गिळलं. पण हे तर मला बोलता येत नव्हतं तेव्हापासूनचं आहे. आई माझी आहे गं. तिच्या तोंडातला किडासुद्धा माझ्या वाट्याला आला नाही आणि तुझ्या तोंडात सगळं भरलंय.

हसू नकोस. मला माहीत आहे की किडीवरून भांडणारी मी एकटीच असेन. तरी भांडतेय.

मी आईलाही लिहितेय. आज फोनवर जाणार नाही.

स्नेहल


औराद
३१ ऑगस्ट

स्नेहल,

पत्र तीनदा वाचलं. एकदा मागच्या अंगणात, एकदा देवघरात, एकदा मशीनपाशी. तिथे मावशी विचारत होत्या काय लिहिलंय लेकीनं, आणि मी म्हटलं, अभ्यास लई आहे म्हणते.

मी तुला काय सांगू? मला काही माहीत नाही. माझ्या लहानपणी आईला बरं नव्हतं, ती खूप दिवस उदगीरला माहेरी होती, एवढंच घरात बोलतात. मला कोण भरवत होतं ते मी कधी विचारलंच नाही.

तुला एक खरं सांगते, मग तू काय वाट्टेल ते म्हण. तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ते सगळं खरं असावं असं वाटलं. तुला काय कमी आहे? तुझ्या बापानं तुला बिदरला ठेवलं. सगळी वस्ती तुझं नाव घेऊन आपल्या पोरांना मारते. तू सुट्टीला आलीस की मावशींचा आवाज बदलतो, मी तिथेच बसलेली असते तरी त्यांना दिसत नाही. मी धा वेळा बाही उसवून लावली तर "बरं झालंय" म्हणतात, आणि तू नुसती दारात उभी राहिलीस तर डोळे पुसतात. आमच्या घरी कुणी माझ्यासाठी डोळे पुसलेले मी बघितले नाहीत. आई चांगली आहे, पण ती मला जवळ घेत नाही. तिला सवयच नाही म्हणते.

मग एका वहीत तरी मी मावशींची निघाले तर तुझं काय बिघडलं? तुला एवढं सगळं आहे, जंतू मला असू देत.

हे आमच्या घरात कळू देऊ नकोस. कळलं तर माझं मशीनवर जाणं त्याच दिवशी बंद होईल.

ज्योती


औराद
१२ सप्टेंबर

स्नेहलला तुझ्या आईचा जय भीम.

सातवी झाल्यावर मी पेन फकस्त सहीला धरलाय. अक्षराला हसू नकू. तू तीन रविवार फोनवर आली न्हाईस. बसम्मा अक्का म्हणल्या, पोरगी येत न्हाई म्हणायली. मधी तुझं पत्र आलं. तुझे बाबा वाचून दाखवतो म्हणले, मी दिलं न्हाई. माझं मीच वाचले.

तू इचारलीस, खरं सांग, ज्योतीला तू भरवलीस का. व्हय. भरवले.

तू तवा सव्वा वर्षाची होतीस, ती वर्षाची. अंकुशराव तवा भालकीकडं कारखान्यात कामाला होते, तिथंच खोली करून ऱ्हायचे. ज्योतीच्या आईला, सत्यभामाबाईला, छातीचा आजार निघाला. डाक्टर म्हणले लेकरू जवळ ठिवायचं न्हाई. तिला उदगीरला नेली. मागं लेकरू बाटली तोंडात धरना, चमचा धरना. सुकून चिपाड झालतं. तवा अंकुशराव आपल्या दारात आले. त्याच्या आधी ते आपल्या दारात कधी आले न्हवते. बसा म्हणलं तर उभेच ऱ्हायले. म्हणले, "विमल, एवढं लेकरू वाचव. पर तुझं संगं आणू नकू, दोन लेकरं हुणार न्हाईत."

मी गेले. तुला मन्नाएखेळ्ळीला माझ्या आईपाशी ठिवले. गावात सांगितलं, कारखान्याच्या मेसमधी भाकरी करायला जायलाव. सहा महिने ऱ्हायले.

त्या खोलीत माझा गिलास भाईर खिडकीत ऱ्हायचा. ताटली येगळी. अन् त्यांचं लेकरू दुसरं कशानं खायचं न्हाई, भाकर मी चावून मऊ केले की मगच तोंड उघडायचं. अंकुशराव बघायचे आन् भाईर निघून जायचे. कधी नकू म्हणले न्हाईत. पोरीनं बाळसं धरलं, चालाय लागली, मला आई म्हणाय लागली. सत्यभामाबाई बरी हून आली त्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं निघाले. तिला एवढंच ठाव हाय की बाई ठिवलती. कोण, ते अंकुशरावांनी सांगितलं न्हाई, मला बी बोलू नकू म्हणले.

मन्नाएखेळ्ळीला आले तर तू माझ्याकडं यायनास. आजीच्या पदराआड लपलीस. आजी तिच्या तोंडातला घास तुझ्या तोंडात घालायची आन् तू चिमणीवानी तोंड उघडायचीस. मी समोर बसून बघायले. माझ्या सख्ख्या मायचा मला इतका राग आला, चार दिवस मी तिच्याशी बोलले न्हाई. तिनं माझं लेकरू सांभाळलं, आन् मी तिच्यावरच जळायले. तू आता जळायलीस तसंच. तुझे जंतू आजीचे असतील; माझ्या येळंला ती रानात कामाला जायची, मला माझ्या बापाच्या मायनं भरवलं. आजी आता न्हाई, कुठल्या बाटलीत थुकंल?

ज्योती मशीनवर बसली की मला बरं वाटतंय. लेकीला खोटं कशाला सांगू. पर तिला मी वाचवले आन् तुला मी सोडून गेले. वाचवलेलं सुखानं आठवतंय. सोडलेलं आजून टोचतंय. तुझ्याशी फोनवर काय बोलावं कळत न्हाई मग मी दुसऱ्याचंच बोलत बसते.

हे ज्योतीला सांगायचं का न्हाई ते तू ठरव. मी सांगणार न्हाई. तिला तिची आई हाय.

दाढंचं काम कधी हाय ते कळीव. मी येते.

तुझी आई
विमल


औराद
१६ सप्टेंबर

स्नेहल,

हे पत्र वाचून झालं की तू मला कधी लिहिणार नाहीस. तरी लिहिते.

काल मावशींनी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचा गळा पाठीकडून कापला. वीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. मी म्हटलं, मावशी, काय झालं? तर कात्री ठेवून म्हणल्या, "माझी लेक चार रविवार झालं बोलंना." आणि तोंडात पदर घेऊन रडल्या. मी कात्री उचलून ठेवली आणि ठरवलं, आता तुला लिहायचंच. कारण ह्याचं मूळ मी आहे.

४१-ब माझी नाही.

तू लिहिलं होतंस ना, मिसरीवाल्यांची थुंकी चालत नाही. मी मिसरी लावते. दोन वर्षं झाली. आधी दाढ ठणकायची म्हणून आमच्या आजीनं तव्यावर तंबाखू भाजून दिली, हिरडीला चोळलं की बधिर व्हायचं. मग दाढ राहिली बाजूला, मिसरी लागायलाच लागली. आता दिवसातून पाच वेळा. पुढचे दात त्यानंच काळे झाले. तुला कळलं असतं तर तू नाक वर करून मला जंतूंवर भाषण दिलं असतंस, आणि मावशींनी मशीनला हात लावू दिला नसता. मिसरीच्या वासावरून त्या काकांशी किती भांडतात ते तू बघितलंयस.

म्हणून मी मावशींना म्हटलं, डॉक्टरीणबाईंना तुमच्या दोन बाटल्या पाहिजेत, एक खराब झाली तर दुसरी असावी. त्यांनी हसत हसत दोन्ही भरल्या. मी एकीवर ४१-ब लिहिलं. वास येऊ नये म्हणून मी त्या दिवशी डब्याजवळ उभीसुद्धा राहिले नाही.

तेव्हा ते दोन छाप सारखे का आले ते कळलं ना तुला? मावशींचे मावशींशी जुळले, त्यात काय नवल. तुझं पत्र आलं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण तू लिहिलं होतंस की माझ्या तोंडात सगळं भरलंय. दोन आठवडे मला ते ठेवून घ्यावंसं वाटलं. आरशात तोंड उघडून बघायचे मी. काळ्या दातांचंही काही वाटत नव्हतं.

आता झालं. मला तुमच्या घरचं काहीही मिळालेलं नाही. मावशींची मी फक्त शिकाऊ आहे, ब्लाउज नीट जमेपर्यंत. खूश हो आणि आईला फोन कर.

ज्योती


बिदर
२९ सप्टेंबर

ज्योते,

तुझं पत्र मिळाल्याला दहा दिवस झाले. आईला मी त्याच रविवारी फोन केला. पाचही मिनिटं आम्ही दोघी नुसत्या रडलो आणि अक्कांनी आणखी पाच मिनिटं दिली.

शरणम्मा मॅडमना खरं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी वहीतली ४१-ब ची ओळ रेघ मारून खोडली आणि म्हणाल्या, त्या मुलीला आधी घेऊन ये, जंतू नंतर बघू. मिसरी अशी एका दिवसात सुटत नाही, मदत लागते. पण दात अजून वाचण्यासारखे असतील म्हणाल्या, वय लहान आहे. माझ्या दाढेचं काम पंधरा ऑक्टोबरला आहे. आई येणार आहे. तू तिच्याबरोबर ये. घरी काय सांगायचं ते तू ठरव, थापा मारण्यात तू हुशार आहेस हे आता सिद्ध झालंय.

एवढं लिहून मी पत्र संपवणार होते. खरं म्हणजे दोनदा संपवलं, पाकिटात घातलं आणि परत बाहेर काढलं.

तू खूश हो लिहिलंस, तर मी झाले. मनापासून झाले. ती ओळ खोडताना मी वहीवर वाकून बघत होते, नीट खोडली जातेय ना. चार-पाच दिवस मी इथे सगळ्यांशी इतकी गोड वागत होते की खोलीतल्या मुलींनी विचारलं, पहिला नंबर आला का? तुझं "मला काहीही मिळालेलं नाही" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत होते. मी अशी आहे. तुला माहीतच आहे.

पण माझ्या ट्रंकेत तुझ्या पत्राखाली आणखी एक पत्र आहे. ते तुझ्या कबुलीच्या आधीच लिहिलेलं आहे. ते आलं तेव्हापासून मी ते दोनदाच उघडलं, आणि तुझं पत्र आल्यावर एकदाही नाही. उघडलं तर तुला सांगावं लागेल, म्हणून. नाही सांगितलं तरी चाललं असतं. आईनं माझ्यावर सोपवलंय. तुला कधी कळलं नसतं, तुझ्या आईला कळलं नसतं, वहीतली ओळ तर आपण दोघींनी मिळून पुसलीच होती. तू जन्मभर तिची शिकाऊ राहिली असतीस आणि मी एकटी तिची लेक.

ज्योते, तुझी बाटली खोटी होती. पण तुला माझ्या आईनं भरवलंय. सहा महिने, स्वतःच्या तोंडातला घास मऊ करून. तू दुसरं काही खात नव्हतीस. तू मेली असतीस. मला मागे ठेवून ती तुझ्याकडे गेली, आणि तू तिला आई म्हणत होतीस, तेव्हा मी म्हणत नव्हते.

आता मी परत जळतेय. आधी खोट्यावर जळत होते, आता खऱ्यावर. पण तू तोंड मिटून हसतेस असं लिहिलं होतंस, ते मला सहन होत नाही. तुझ्या तोंडात काय गेलंय ते तुला माहीत पाहिजे.

सगळं मी माझ्या शब्दांत सांगितलं तर त्यात कुठे तरी तिखट मीठ पडेल, म्हणून तिचंच पत्र सोबत पाठवतेय. तुमच्या घरात उघडू नकोस. आमच्या घरी जा, माझ्या कॉटवर बस आणि वाच. मी सांगितलंय म्हणून सांग तिला.

आणि वाचून झालं की त्याच दिवशी पोस्टात टाक. माझ्या आईनं मला लिहिलेलं ते पहिलं पत्र आहे. एकही घडी जास्त पडता कामा नये. ते माझं आहे.

स्नेहल